पैसे देण्या-फेडण्याची इंग्रजी क्रियापदे आणि वाक्प्रचार

पैसे देण्यासाठी इंग्रजीत 'पे' हे मूळ क्रियापद आहे. ते लॅटिनमधल्या 'शांत करणे' या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आले. घेणेकऱ्याला गप्प करणे हा त्याचा जुना भाव. बोलताना मात्र ते बऱ्याचदा एकटे येत नाही. मागे बॅक, ऑफ, अप, आउट, इन, डाउन यांपैकी एखादा लहान शब्द लागतो आणि व्यवहारच बदलतो. अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

मराठी माणसाला ही रचना वाटते तितकी परकी नाही. 'दिले', 'देऊन टाकले' आणि 'देऊन बसलो' यांत पैसे तेवढेच गेलेले असतात. टाकणे आणि बसणे यांचा मूळ अर्थ मागे पडून व्यवहार संपल्याचा किंवा पस्तावल्याचा रंग तेवढा उरतो. इंग्रजीत हे काम मागचा शब्द करतो. म्हणून 'ऑफ म्हणजे काय' असा सुटा अर्थ शोधत बसणे व्यर्थ. पूर्ण जोडी, ती कोणत्या व्यवहारात येते त्यासकट, लक्षात ठेवावी.

'पे बॅक' म्हणजे उसने घेतलेले परत करणे. सूड उगवणे हाही त्याचा अर्थ आहे, आणि मराठीत 'हिशेब चुकता करणे' नेमके हेच दोन्ही सांगते. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पूर्ण फेडून टाकणे, तर 'पे डाउन' म्हणजे कर्जाची मुद्दल कमी करत नेणे. 5 लाखांच्या कर्जातले 2 लाख भरले, तर ते पे डाउन. उरलेले 3 लाख भरून खाते बंद झाले की पे ऑफ. बँकेशी बोलताना या दोहोंची गल्लत महागात पडू शकते. 'पे ऑफ'ला कर्म नसेल तर अर्थच वेगळा: मेहनत फळाला आली. तोंड बंद ठेवण्यासाठी लाच देणे यालाही हाच शब्द आहे.

'पे अप'मध्ये देणाऱ्याची नाखुशी असते. तगादा लागल्यावर पैसे निघतात. 'पे आउट' विमा कंपनी किंवा लॉटरी करते, किंवा एखाद्याला मोठी रक्कम मोजावी लागते तेव्हा वापरतात. 'पे इन' म्हणजे खात्यात भरणे. आपल्या बँकांतली पे-इन स्लिप इथलीच. अमेरिकेत तिला डिपॉझिट स्लिप म्हणतात.

चुका बहुतेक मराठी प्रत्ययांतून येतात. 'दुकानदाराला पैसे दिले' यातल्या 'ला'साठी 'टू' घातला जातो आणि 'आय पेड टू द शॉपकीपर' असे वाक्य होते. माणूस 'पे'च्या लगेच मागे आला तर 'टू' नको. आधी रक्कम सांगितली, तर मात्र 'टू' हवा. वस्तूआधी 'फॉर' लागतो: बिल 'पे' करतात, जेवण 'पे फॉर' करतात. कारण बिल हे देणे आहे, जेवण नाही.

दुसरी चूक शब्दक्रमाची. 'पे बॅक द लोन' आणि 'पे द लोन बॅक' दोन्ही चालतात. पण नामाऐवजी सर्वनाम आले की ते मध्येच बसते: 'पे इट बॅक', 'पे इट ऑफ'. 'पे फॉर इट' याला हा नियम लागू नाही, कारण तिथला 'फॉर' क्रियापदाचा नसून वस्तूचा आहे.

अनिच्छेने खर्च करणे यासाठी इंग्रजीत शब्दांची चंगळ आहे. 'शेल आउट'मध्ये शेंगेतून दाणे सोलून काढण्याची प्रतिमा आहे. ब्रिटनमध्ये 'फोर्क आउट' आणि 'स्टम्प अप' ऐकू येतात, अमेरिकेत 'फोर्क ओव्हर'. 'कॉफ अप' म्हणजे जणू खोकून बाहेर काढणे. शेल आउट आणि फोर्क आउट यांच्यामागे रक्कम थेट येते, वस्तू मात्र 'फॉर' किंवा 'ऑन' घेऊनच येते. हे सगळे गप्पांतले शब्द आहेत. कार्यालयीन पत्रात 'सेटल', 'रीपे', 'रीइम्बर्स' लिहावे. ग्राहकाला 'कॉफ अप' लिहिणे म्हणजे 'काढा पैसे' म्हणण्यासारखे.

वाक्प्रचारांत शब्द सहसा बदलत नाहीत. अवाच्या सवा पैसे मोजले की 'पे थ्रू द नोज'. तिथे 'द' काढून 'माय' घालता येत नाही. 'फुट द बिल' म्हणजे सगळ्यांचे बिल स्वतः भरणे. आकड्यांची बेरीज करून ती पायथ्याशी मांडण्यावरून हा अर्थ पुढे सरकला. अमेरिकेत यासाठी 'पिक अप द टॅब' म्हणतात. 'ऑन द हाउस' मात्र हॉटेलमालकाने फुकट दिले तरच. मित्राने पाजलेला चहा 'ऑन हिम' असतो. 'चिप इन' म्हणजे वर्गणीत आपला वाटा टाकणे. 'गो डच' म्हणजे आपले टीटीएमएम, तुझे तू माझे मी. इंग्रज-डच वैराशी त्याचा संबंध जोडतात, पण 'डच ट्रीट' हा शब्दप्रयोग 19व्या शतकातल्या अमेरिकेतला आहे. 'रॉब पीटर टु पे पॉल' याला तर 'याची टोपी त्याच्या डोक्यावर' हा तयार जोडीदार आहे.

सर्वांत फसवा वाक्प्रचार 'पे युअर ड्यूज'. भारतीय इंग्रजीत ड्यूज म्हटले की थकबाकी डोळ्यांपुढे येते. एखाद्या गायिकेने 'हॅज पेड हर ड्यूज' असे वाचले, तर तिने बिल भरले असे नव्हे. बरीच वर्षे खस्ता खाऊन ती इथवर आली, असा अर्थ.

सरावाला एकदम तीस जोड्या घेऊ नयेत. बॅक, ऑफ, अप, फॉर या चारपासून सुरुवात करावी आणि प्रत्येकीची तीन वाक्ये स्वतःच्या व्यवहारातून लिहावीत: एक नाम घालून, एक सर्वनाम घालून, एक भूतकाळात. मग ती मोठ्याने म्हणावीत. क्रियापद असताना जोर मागच्या शब्दावर पडतो; 'पे फॉर'मध्ये मात्र 'फॉर'वर नाही. 'पेऑफ', 'पेआउट' अशी नामे झाली की तो 'पे'वर येतो, आणि लिहिताना दोन शब्द जोडले जातात. भूतकाळाच्या स्पेलिंगमध्ये वायच्या जागी आय येतो. वाय तसाच ठेवून ईडी लावलेले रूपही शब्दकोशात सापडते, पण ते खलाशांचे: जहाजावरचा दोर हळूहळू सैल सोडणे यालाही 'पे आउट'च म्हणतात.