वॉरंट निघालंय का, हे ठाण्यात कुठे कळतं?

ठाण्यात कोर्ट नाक्यावर टायपिस्टांच्या टेबलांपाशी थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न हमखास कानावर येतो: "साहेब, नावावर वॉरंट आहे का ते कुठे बघायचं?" विचारणारा बहुधा मोबाइलवर शोधून आलेला असतो. तिथे अमेरिकेतली पानं समोर येतात. तिकडे काही काउंट्यांचे शेरीफ पकडायच्या माणसांच्या याद्या नावानिशी सगळ्यांसाठी खुल्या ठेवतात. आपल्याकडे तशी यादी नाही, आणि ती का नाही हे कळायला वॉरंट म्हणजे काय तिथूनच सुरुवात करावी लागते.

समन्स आरोपीला असतं, वॉरंट पोलिसाला. 'अमुक इसमाला पकडून माझ्यापुढे हजर करा' हा न्यायाधीशाने पोलिसाला दिलेला हुकूम आहे, आरोपीला धाडलेली नोटीस नव्हे. त्यामुळे ते निघाल्याचं आरोपीला आधी कळवण्याची सोयच कायद्यात नाही. पकडताना मजकूर सांगायचा आणि मागितलं तर कागद दाखवायचा, एवढंच. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ७५, १९७३ च्या संहितेत कलम ७० आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ७२. आकडे बदलले, गाभा तोच राहिला: वॉरंट लेखी हवं, त्यावर न्यायाधीशाची सही आणि कोर्टाचा शिक्का हवा, आणि ते कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत जिवंत राहतं. त्याला मुदत नसते. ('डिजिटल अरेस्ट'वाले व्हिडिओ कॉलवर जे वॉरंट नाचवतात, त्याचं सोंग एवढ्यावरच उघडं पडावं. कोर्टाचं वॉरंट पैसे भरून मिटत नाही.)

मुदत नसल्याने गंमत अशी होते. नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला जाते, बिऱ्हाडं घोडबंदरला भाड्याने जातात आणि चेक न वटल्याच्या खटल्याचं समन्स जुन्या पत्त्यावर फिरत राहतं. चेक न वटणं १ एप्रिल १९८९ पासून फौजदारी गुन्हा झालं. तेव्हापासून पोलीस ठाण्याची पायरी कधी न चढलेल्या मध्यमवर्गीयाच्याही नावाने वॉरंट निघू लागली. आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र. शिपाई जाऊन येतो, अहवाल लिहितो: 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' कागद कोर्टात परत, तारीख पुढे. माणसाला मात्र पत्ताच नसतो. वॉरंटची नोंद दोनच ठिकाणी राहते, कोर्टाच्या रोजनाम्यात आणि पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात.

या बंद व्यवहाराला ज्या खिडक्या पडल्या, त्या पडल्या भलत्याच कारणांनी. पहिली पडली कोठडीतल्या मृत्यूंमुळे. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेच्या दिलीप बसू यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यावर डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला: अटक झाली की बारा तासांत नियंत्रण कक्षाला कळवा, फलकावर लावा. पुढे हे कायद्यात आलं आणि २०१० मध्ये लागू झालं. फलक होता तो माणूस कुठे नेलाय हे घरच्यांना कळावं म्हणून, शेजाऱ्याने शेजाऱ्याची कुंडली काढावी म्हणून नव्हे.

दुसरी खिडकी आरोपीसाठी. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाका. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे वगळून. महाराष्ट्रातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस या संगणकजाळ्याने जोडली जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ही योजना मंजूर झाली २००९ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, पोलीस ठाण्यांनी एकमेकांच्या नोंदी बघाव्यात म्हणून. नागरिकांसाठीचं पोर्टल हा त्याचा जोडधंदा.

तिसरी आणि सगळ्यात कामाची खिडकी ई-कोर्टची, म्हणजे कोर्टांच्या संकेतस्थळाची. ती पक्षकारांना पुढची तारीख कळावी म्हणून उघडली, पण वॉरंटचा माग नेमका तिथेच लागतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो टाकला की खटल्याची माहिती उघडते. खटल्याच्या टप्प्यासमोर 'एन.बी.डब्ल्यू. अनरेडी' दिसलं, तर समजायचं की अजामीनपात्र वॉरंट निघालंय आणि आरोपी हजर नसल्याने काम अडलंय. नवख्याला हे शब्द काहीच सांगत नाहीत. वकिलाचा कारकून मात्र ते वाचून लगेच वॉरंट रद्द करण्याचा अर्ज टाइप करायला घेतो.

ठाणेकरांना आणखी एक त्रास आहे तो हद्दीचा. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ चं, नवी मुंबईचं १९९४ चं. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा निघाला, २०२० मध्ये मिरा-भाईंदर, वसई-विरारचं आयुक्तालय झालं. पोलिसांच्या रेषा आणि कोर्टांच्या रेषा जुळत नाहीत. वाशी आणि पनवेल दोन्ही नवी मुंबई पोलिसांकडे. पण वाशीचा खटला ई-कोर्टवर ठाणे जिल्ह्यात शोधायचा आणि पनवेलचा रायगडमध्ये. इथे चुकलात तर 'नोंद सापडली नाही' असं उत्तर येतं आणि माणूस निर्धास्त घरी जातो.

गुन्ह्यांच्या पूर्वेतिहासाचं म्हणाल तर स्वतःचा मिळतो, दुसऱ्याचा नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यानेच अर्ज करून घ्यायचा. माहिती अधिकारात भाडेकरूचा इतिहास मागितला तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येण्याचीच शक्यता जास्त. २०२२ च्या कायद्याने बोटांचे ठसे, बुबुळांचे नमुने पंचाहत्तर वर्षं जपायची तरतूद झाली, पण ती पोलिसांसाठी. अपवाद एकच आणि मोठा मजेशीर: २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे निवडणुकीच्या उमेदवाराला आपले खटले शपथपत्रात लिहून द्यावे लागतात. आमदाराची गुन्ह्यांची यादी घरबसल्या वाचता येते, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची येत नाही. मला यात काही वावगं वाटत नाही. मत मागणाऱ्याने जास्त सांगावं.

राहिली नावाची कटकट. ई-कोर्टवर नाव इंग्रजीत घालायचं. ठाण्यात 'पाटील' टाकलं की पानंच्या पानं उघडतात, शेवटी एक एल की दोन हा घोळ वेगळाच. म्हणून कोर्ट नाक्यावरचा कारकून नाव विचारतच नाही. त्याचे प्रश्न दोनच: कुठलं पोलीस ठाणं, कुठलं साल?