इन्स्पेक्टरने हसायचं नाही

नागपुरातल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पोलिसपटांची खिल्ली उडवणारं प्रहसन पाहिलं होतं. कडक इन्स्पेक्टर आणि तोंडाळ हवालदार. इन्स्पेक्टर छाती काढून म्हणतो, "उद्या मी रिटायर होतोय. ही माझी शेवटची केस." हवालदार लगेच खिशातून कागद काढतो, "मंग पेन्शनच्या फारमावर आजच सही करून टाका ना जी साहेब!" हशा पिकला. शेजारच्या आजी मात्र मला विचारत होत्या, "काहून हासून राह्यले जी सारे?"

आजींचा प्रश्न अस्सल शास्त्रीय होता. पेन्शनच्या कागदात हसण्यासारखं काय आहे? पण 'उद्या रिटायर होतोय' म्हणणारा पोलीस आज गोळी खाणार, हे सिनेमे पाहून आपल्याला पाठ असतं. ते हवालदारालाही पाठ आहे, ही त्यातली गंमत.

आपला मेंदू पुढचा शब्द सतत ताडत असतो. 1980 साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना 'त्याने गरम पावाला मोजे लावले' अशा थाटाची वाक्यं वाचायला दिली. (आपल्याकडे 'पोह्यांवर तर्री'च्या जागी 'पोह्यांवर मोजे' म्हणून बघा.) विसंगत शब्दानंतर साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठळक विद्युतलहर नोंदली गेली. पण मोजे वाचून माणूस नुसता चमकतो, हसतोच असं नाही. मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी 1972 मध्ये विनोदाच्या दोन पायऱ्या मांडल्या: आधी काहीतरी बिनसतं, मग ते भलत्याच वाटेने जुळतं. आजी पहिल्या पायरीवरच उभ्या होत्या.

नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्याचंही (चालू घडामोडींवर टोमणे मारणाऱ्या पुतळ्याचंही) तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यातली पाटी वाचून हसतो तो रोज पेपर वाचणारा.

मग जोडी कशाला? एकटा हवालदार नुसता विदूषक ठरेल. इन्स्पेक्टर मात्र खऱ्याखुऱ्या, गंभीर सिनेमात जगतोय. त्याचं प्रत्येक वाक्य आपली अपेक्षा पुन्हा उभी करतं, तेव्हा कुठे हवालदाराला पाडायला काही मिळतं. माझ्या मते दोघांत अवघड काम इन्स्पेक्टरचंच. त्या प्रहसनाच्या दुसऱ्या प्रयोगात इन्स्पेक्टर झालेल्या पोरालाच हसू फुटलं आणि तोच पेन्शनचा कागद सपशेल पडला.

आणखी एक गोष्ट. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी 2010 मध्ये मांडलं की, काहीतरी चुकीचं घडतंय पण त्यात धोका नाही, असं एकाच वेळी वाटलं की हसू येतं. इथे मरण दारात उभं आहे, पण हातात नुसता फॉर्म. खरं रक्त दाखवलं असतं तर सभागृह गप्प झालं असतं.

प्रयोग संपल्यावर मी आजींना सगळं उलगडून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याले पेन्शन भेटली का?"

मी खो खो हसलो. आजींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती.