लुई आर्मस्ट्राँग यांची जडणघडण: न्यू ऑर्लिन्स ते शिकागो

जॅझमधील एकल वादनाला आज जे महत्त्व आहे, त्याचे मोठे श्रेय अमेरिकी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांना दिले जाते. मात्र ते ज्या न्यू ऑर्लिन्समध्ये घडले, तेथील जॅझ मुळात सामूहिक होता: कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे, थोडे आखूड पितळी वाद्य) मुख्य धून धरून ठेवी, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन ही इतर फुंकवाद्ये तिच्याभोवती आपले स्वर गुंफत, आणि एकाच वादकाने सतत पुढे राहणे अपेक्षित नसे.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा. वडिलांनी घर सोडले होते आणि सुरुवातीची काही वर्षे आजी जोसेफिन यांनी त्यांचा सांभाळ केला. लिथुआनियाहून आलेल्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या गाडीवर काम करताना ते पत्र्याचे शिंग वाजवीत, आणि याच कुटुंबाने दिलेल्या उचलीतून त्यांनी पहिले कॉर्नेट घेतले.

१९१२ च्या वर्षअखेरीच्या रात्री हवेत पिस्तूल झाडल्याबद्दल त्यांची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे पीटर डेव्हिस यांनी त्यांना कॉर्नेट शिकवले. संगीताशी त्यांची ओळख सुधारगृहातच झाली, ही कथा लोकप्रिय असली तरी अपुरी आहे, कारण त्याआधीच ते मित्रांसोबत रस्त्यावर गात असत.

पुढे नामवंत कॉर्नेटवादक जो ‘किंग’ ऑलिव्हर यांच्या घरची किरकोळ कामे करून ते त्यांच्याकडून धडे घेऊ लागले, आणि १९१८ मध्ये ऑलिव्हर शिकागोला गेल्यावर किड ओरी यांच्या वाद्यवृंदातील त्यांची जागा आर्मस्ट्राँग यांना मिळाली. मिसिसिपीवरील प्रवासी बोटींवर फेट मारेबल यांच्या वाद्यवृंदात काढलेली वर्षे मात्र माझ्या मते त्याहूनही निर्णायक ठरली, कारण कानाने वाजवणारा हा तरुण तेथे लिखित स्वरलिपी वाचायला शिकला.

१९२२ च्या ऑगस्टमध्ये ऑलिव्हर यांनी त्यांना दुसरा कॉर्नेटवादक म्हणून शिकागोला बोलावले. पुढच्या वर्षीच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात आर्मस्ट्राँग यांच्या कॉर्नेटचा आवाज इतका दणदणीत होता, की त्यांना इतरांपासून दूर उभे करावे लागले, असे सांगतात. त्याच वाद्यवृंदातील पियानोवादक लिल हार्डिन यांच्याशी त्यांनी १९२४ मध्ये विवाह केला आणि लिल यांच्याच आग्रहावरून गुरू ऑलिव्हर यांची साथ सोडली. न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात वर्षभर वाजवून शिकागोला परतल्यावर, नोव्हेंबर १९२५ मध्ये, त्यांनी ओके या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी ‘हॉट फाइव्ह’ या स्वतःच्या चमूचे ध्वनिमुद्रण सुरू केले. जून १९२८ मधील ‘वेस्ट एंड ब्लूज’ची सुरुवात त्यांनी कोणाच्याही साथीशिवाय, एकट्या ट्रम्पेटवर केली.