ज्येष्ठ माणसं, दूरशिक्षणाचे विद्यार्थी आणि नर्सिंगमधला वेलबीइंगचा अभ्यास (सातारा-सांगली)

वेलबीइंग म्हणजे नुसतं आजारी नसणं नव्हे, तर माणसाला झोप लागते का, दिवस सरतो का, कुणाशी चार शब्द बोलणं होतं का, सकाळी उठावंसं वाटतं का हे सगळं. पुस्तकी मराठीत सुस्थिती म्हणतात, पण आमच्या सातारा-सांगलीकडं यासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, करमणं. म्हातारी "करमत न्हाय बाई" म्हणाली की त्यात वेलबीइंगच्या प्रश्नावलीचा अर्धा फॉर्म भरून होतो असं मला अगदी मनापासून वाटतं. नर्सिंगमधे हे मोजायचं काम बहुतेक एमएस्सीच्या प्रबंधातून होतं. या भागात नर्सिंग जुनंच आहे, मिरजेत १८९४ ला डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं तिथपासूनची परंपरा, आणि आज कराड, सांगली, मिरज सगळीकडं नर्सिंगची कॉलेजं आहेत.

आता वेलबीइंगच्या अभ्यासात ज्येष्ठ आणि दूरशिक्षणवाले हे दोन गट एकत्र कशाला, असं कुणी विचारलं तर इथल्या घरात डोकावून बघावं. माण-खटाव, पाटण, जावळीतली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला, माथाडीत नाहीतर कंपनीत, आणि खानापूर-आटपाडीची गलाईवाली पोरं सोनं-चांदी गाळायला पार देशभर, मग गावात उरतात आई-वडील आणि पुष्कळ वेळा धाकटी सून. ती सून बारावीवर लग्न होऊन आलेली असते आणि मुक्त विद्यापीठातून बीए करत असते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ ला नाशकात निघालं, ज्यांचं नाव दिलं ते यशवंतराव जन्मले देवराष्ट्र्यात, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातच. शिवाजी विद्यापीठाचंही दूरशिक्षण आहे. तर एकाच घरात सासूला बोलायला माणूस नाही आणि सुनेला अभ्यासाला सोबत नाही, वर्ग नाही, बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण नाही, अभ्यासकेंद्रावर रविवारी गेली तरच. दोघींचं दुखणं एकाच जागेचं आहे.

मोजायला जी साधनं वापरतात त्यात डब्ल्यूएचओ-५, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली, सगळ्यात सुटसुटीत. १९९८ पासूनची ही पाच वाक्यांची प्रश्नावली, मागच्या दोन आठवड्यात मन आनंदी होतं का, शांत वाटलं का, अंगात हुशारी होती का, सकाळी ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण २५, त्याला ४ नं गुणलं की १०० पैकी आकडा येतो, ५० च्या खाली आला की मन बरं नसावं म्हणून पुढं नीट विचारपूस करायची. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी जेरिएट्रिक डिप्रेशन स्केल आहे, म्हणजे म्हातारपणातली उदासी मोजायची, मूळ ३० प्रश्नांची, १९८६ ला १५ प्रश्नांची छोटी आली, उत्तरं फक्त हो-नाही. विद्यार्थ्यांना जास्त करून ताणाची १० प्रश्नांची स्केल देतात.

खरी कसोटी भाषांतराची. नियमाप्रमाणं इंग्रजीतून मराठी, मग दुसऱ्यानं मराठीतून परत इंग्रजी, मग दोन्ही ताडून बघायचं, हे सगळं केलं तरी ओसरीवर बसल्यावर वेगळंच होतं. "मागील दोन आठवड्यांत आपण आनंदी होता का" असं वाचलं की आजी आधी सुनेकडं बघतात. मी एकदा खटाव तालुक्यात अशीच बसले होते, आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या, प्रत्येक प्रश्नाला "तसं बरं हाय" एवढंच. मग विचारलं, मागच्या एकादशीपासनं आजपातूर कसं गेलं? तेव्हा हात थांबला आणि त्या बोलायला लागल्या, पोराचा फोन कधी आला, गुडघा कुठल्या रात्री ठणकला, सगळं ओळीनं. पंधरवडा त्यांना कळतो, आठवडा मोजायची सवयच नाही. सून आत भाकरी टाकायला गेली तेव्हा त्यांनी आवाज खाली करून आणखी दोन गोष्टी सांगितल्या, म्हणून मुलाखत एकट्यात घ्यायची असते, आणि संमतीच्या कागदावर अंगठा घेताना साक्षीदार लागतो तो शक्यतो घरचा नसावा.

जेरिएट्रिक डिप्रेशनच्या त्या १५ प्रश्नांच्या छोट्या स्केलमधे एक प्रश्न आहे, बाहेर जाण्यापेक्षा घरी बसणं बरं वाटतं का. हो म्हणलं की उदासीचा एक गुण. पण ज्याचे गुडघे गेलेत किंवा बाहेर माणदेशी ऊन आहे तो हो च म्हणणार. तसंच डब्ल्यूएचओ-५ मधला सकाळी ताजंतवानं वाटलं का हा प्रश्न, शेतीची लाईट रात्रीची असली की आजोबा मध्यरात्री पाणी पाजायला जातात आणि सून सगळं आवरून दहानंतर मोबाईलवर पीडीएफ उघडते, दोघांनाही शून्य. आकडा वाईट आला तर तो मनाचा का लाईटच्या वेळापत्रकाचा, हे प्रबंधात लिहायला पाहिजे, बरेच जण लिहीत नाहीत.

नमुना घेण्यात तर सरळ चूक होते. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर साठ माणसं पटकन मिळतात, पण तिथं चालत येणारी माणसंच मुळात बऱ्यापैकी असतात, अंथरुणाला खिळलेली आणि वाडीवस्तीवरची राहूनच जातात. विद्यार्थ्यांना गूगल फॉर्म पाठवला की ज्याला रेंज आहे, वेळ आहे तोच भरतो, जी खचून परीक्षा सोडून बसली तिचं उत्तर येतच नाही.

उपाय तपासायचे तर जुन्या आठवणी सांगणं ही पद्धत खूप चालते, रॉबर्ट बटलर यांनी १९६३ ला जीवनाचा आढावा घेण्याची कल्पना मांडली तिथून ती आली. आमच्याकडं भजन, ओव्या, हलका व्यायाम हे पण घेतात. आधी मोजायचं, चार आठवडे उपक्रम, परत मोजायचं, आकडा सुधारतो. पण तुलनेचा दुसरा गट ठेवलेला नसेल तर भजनानं सुधारला का नर्स दर मंगळवारी येऊन तासभर बसली म्हणून, हे कळत नाही. दुसऱ्या गटाकडं पण तेवढाच वेळ नुसतं बोलत बसायला जावं, तरच फरक दिसतो.

डब्ल्यूएचओ-५ चा आकडा फारच कमी आला तर फॉर्म बॅगेत टाकून निघून जाता येत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं, शिवाय टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन १४४१६ आणि ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ हे नंबर द्यायचे. ते कागदावर लिहून दिले तर कागद हरवतो. आम्ही भिंतीवर कॅलेंडर असतं त्याच्या कोपऱ्यात जाड पेनानं लिहून यायचो, एकादशी बघायला आजी तिथं जातातच.