चिमटीनं मोठं आणि अक्षरानं मोठं

पडद्यावर दोन बोटं ठेवून फाकवायला आता नातवंडांपासून आजीपर्यंत सगळ्यांना येतं, ते शिकवत बसत नाही. पण त्यालाच कुणी 'अक्षर मोठं केलं' म्हटलं की माझं डोकं फिरतं. इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरात हा घोळ रोज सकाळी पोह्यांबरोबर वाढला जातो.

चिमटी फाकवली की अख्खं पान फुगतं, भिंगाखाली धरल्यासारखं. ओळी आधी जिथे तुटत होत्या तिथेच तुटतात, फक्त त्यांची शेपटं पडद्याबाहेर जातात. नानाकाकांचा अंगठा बघावा: उजवीकडे ढकल, ओळ संपव, परत डावीकडे ये, आणि खालची ओळ शोध. तेवढ्यात एखादी ओळ सुटते, नाहीतर तीच पुन्हा येते. मग "काय रे, हे लोक एकच वाक्य दोनदा छापतात!"

अक्षराचा आकार वाढवला की ब्राउझर ओळी नव्यानं मांडतो. सहा शब्द मावत होते तिथे चार मावतात, उरलेले दोन खाली उतरतात. पान लांबतं, रुंदी पडद्याएवढीच राहते, अंगठा नुसता वर-खाली. क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग, ॲक्सेसिबिलिटी, तिथली पट्टी १३० ते १५० टक्क्यांवर न्यायची. सफारीत ही सोय पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हातच मिळते. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत. त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत हेच सांगितलंय: ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता यायला हवा.

आपल्या लिपीला तर हे फारच लागतं. डोक्यावर मात्रा-अनुस्वार, पायाशी उकार. बारीक अक्षरात 'घरं'चं टिंब दिसेनासं झालं की वस्तीचं एकच घर होतं.

चिमटी टाकाऊ आहे असं नाही. नकाशा, लग्नपत्रिकेचा फोटो, विजेच्या बिलाची पीडीएफ, इथे तीच हवी. वर सांगितलेल्या नियमातही नकाशे आणि मोठे तक्ते यांना सूट आहे. ई-पेपरचं पानही बहुतेकदा चित्रच असतं, त्यातली ओळ कुठलीही पट्टी मोडू शकत नाही. तीच बातमी वेबसाइटवर उघडा, सरळ उपाय.

फोन आडवा धरणं वगैरे ज्याची त्याची आवड. पण कुणी 'डेस्कटॉप साइट'ची खूण करून ठेवली असेल तर आधी ती काढा. बोटभर पडद्यात संगणकाएवढं पान कोंबायची हौस मला कधीच कळली नाही.

नानाकाकांना मागच्या रविवारी १५० करून दिलं. आता तक्रार अशी की बातमी संपतच नाही.