बोगद्यातून पार होणारं टर्मिनल

मोबाईलवरच्या टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, दूरचा सर्व्हर सांभाळणारे इंजिनिअर आता लोकलमध्येही दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, फोन आणि सर्व्हर यांच्यात एक अदृश्य तार ताणलेली असते आणि रेंज गेली की ती तुटते. अशी तार नसतेच. ये-जा करतात ती सुटी पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे), आणि ती कुणाची याची नोंद दोन्ही टोकं ठेवतात. कसोटी लागते ती या नोंदीची.

दूरच्या संगणकावर काम करण्याची रूढ पद्धत म्हणजे एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाली, तेव्हा तातू युलोनेन यांनी १९९५मध्ये ती तयार केली. आधीच्या टेलनेट या पद्धतीत पासवर्ड उघडाच जायचा. एसएसएच चालते टीसीपीवर, म्हणजे पॅकेटं क्रमाने आणि खात्रीने पोचवणाऱ्या नियमांवर, आणि टीसीपी जोडणी ओळखते चार गोष्टींवरून: दोन्हीकडचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे पत्ते) आणि दोन्हीकडचे पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दारांचे क्रमांक). यातलं एक बदललं की जोडणी संपली. टेबलावरच्या संगणकाचा पत्ता सहसा दिवसभर तोच राहतो. फोन वाय-फायवरून मोबाईल डेटावर गेला की त्याचा पत्ता बदलतो, सर्व्हर जुन्या पत्त्यावर उत्तरं पाठवत बसतो आणि स्क्रीन गोठते.

अमेरिकेच्या एमआयटीतल्या कीथ विन्स्टाइन आणि आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेले हरी बालकृष्णन यांनी २०१२मध्ये यावर 'मॉश' हे सॉफ्टवेअर मांडलं. मला ते फार सुंदर वाटतं. एसएसएचमध्ये सर्व्हरने लिहिलेलं प्रत्येक अक्षर क्रमाने फोनपर्यंत यावंच लागतं. मॉशमध्ये स्क्रीनवर आत्ता काय आहे याची प्रत सर्व्हर स्वतःजवळ ठेवतो आणि फोनकडे आधी पोचलेल्या स्थितीपासूनचा फरक तेवढा पाठवतो. सामन्याची मधली चार षटकं हुकली तरी धावफलक पाहून खेळ समजतो, तसंच हे. कर्जत-लोणावळा घाटातल्या बोगद्यात रेंज गेली तर पलीकडे आल्यावर ताजी स्क्रीन येते. मधली हजार ओळींची रांग उपसावी लागत नाही.

पत्ता बदलण्याचं काय? सुरुवातीला एसएसएचनेच लॉगिन होतं, एक गुप्त किल्ली फोनला मिळते आणि एसएसएच बाजूला होते. पुढचं प्रत्येक पॅकेट यूडीपीने, म्हणजे कायमची जोडणी न ठेवता, जातं आणि त्या किल्लीने एईएस-१२८ ही कूटपद्धत वापरून, ओसीबी पद्धतीने कूटबद्ध होतं. त्यासोबत एक क्रमांक असतो: ६४ बिटांपैकी एक बिट दिशेचा, उरलेले ६३ चढत्या क्रमाचे. खऱ्या किल्लीचं आणि आधीच्या सर्वांपेक्षा मोठ्या क्रमांकाचं पॅकेट आलं, की ते जिथून आलं तोच फोनचा नवा पत्ता, असं सर्व्हर धरून चालतो. जुनं पॅकेट चोरून पुन्हा पाठवणाऱ्याचा क्रमांक मागचाच असतो, त्यामुळे तो सर्व्हरचं तोंड आपल्याकडे वळवू शकत नाही.

'नुसता मोबाईल नंबर कळला की कुणीही तुमच्या फोनमध्ये शिरतो' असे संदेश फिरत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. अशा अनेक फसवणुकींत भामटा माणसाकडूनच स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकून घेतो आणि त्यातला कोड विचारतो. किल्ली आपणच देतो. ती देऊ नका.

मॉशची दुसरी करामत अंदाजाची. एसएसएचमध्ये दाबलेलं अक्षर सर्व्हरकडे जाऊन परतल्यावरच दिसतं. मॉश ते आधीच दाखवतं, आणि नेटवर्क संथ असेल तर खात्री होईपर्यंत त्याखाली रेघ ओढतं. मग पासवर्ड उघडा पडणार नाही का? नाही. एंटर दाबल्यावर अंदाज पुन्हा मनातल्या मनात सुरू होतात आणि त्यातला एक सर्व्हरकडून खरा ठरल्यावरच पुढचे दिसू लागतात. पासवर्डची अक्षरं सर्व्हर परत पाठवतच नाही, म्हणून ती दिसत नाहीत. निर्मात्यांच्या चाचणीत, सहा जणांच्या सुमारे ४० तासांच्या वापरात, ७० टक्के अक्षरांचा परिणाम लगेच दिसला. थ्रीजी नेटवर्कवर अक्षर उमटायला एसएसएचमध्ये लागणाऱ्या वेळेचा मध्यक ५०३ मिलिसेकंद होता. मॉशमध्ये तो ५ मिलिसेकंदांहून कमी आला.

उणिवा आहेत. केवळ समोरची स्क्रीन जुळवली जाते, त्यामुळे वर सरकवून मागचा मजकूर पाहता येत नाही. त्यासाठी सर्व्हरवर टीमक्स हे मागचा मजकूर साठवणारं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. शिवाय मॉशला ६०००० ते ६१००० यांतला एखादा यूडीपी पोर्ट मोकळा लागतो. नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलने ते सगळे बंद केले असतील तर पुन्हा साधी एसएसएचच वापरावी लागते.