वॉकर, फुलर, टकर: एका धंद्याची तीन आडनावं

जॉनी वॉकर व्हिस्कीच्या बाटलीवरचा टॉप हॅट घातलेला, काठी घेऊन झपझप निघालेला माणूस टॉम ब्राउन या व्यंगचित्रकाराने 1908 मध्ये काढला. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावात 1820 साली किराणा दुकान थाटणाऱ्या जॉन वॉकरच्या आडनावावरची ती कोटी होती. ती इतकी रुजली की वॉकर म्हणजे चालणारा, फार तर निरोप्या किंवा राजाच्या जंगलात गस्त घालणारा शिपाई, असं आज पुष्कळ इंग्रजही बेधडक सांगतात. (आपल्या हिंदी पडद्यावरच्या जॉनी वॉकरचं नाव याच बाटलीवरून आलेलं, म्हणजे तोही या गैरसमजाचा लांबचा वारसदार.) मूळचा वॉकर चालायचा हे खरं, पण एकाच जागी. मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरी कापड हौदात घालून पायांनी तुडवणं हा त्याचा धंदा.

जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ म्हणजे लोळवणं, घुसळणं, इकडेतिकडे फेकणं. त्यावरून कापड तुडवणारा तो ‘वेआल्केरे’, पुढे ‘वॉकर’. चालणं हा या क्रियापदाचा अर्थ नंतरचा. याच कामाला दुसरा शब्द होता ‘फुलर’. तो लॅटिन ‘फुल्लो’वरून जुन्या इंग्रजीत आला आणि नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधल्या सख्ख्या शब्दाने त्याला आणखी बळ दिलं. तिसरा शब्द ‘टकर’. त्याच्या मुळाशी असलेल्या जुन्या क्रियापदाचा अर्थ छळणं, हाल करणं असा होतो. कापडाचे जे हाल व्हायचे ते पाहता शब्द अगदी नेमका आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या विक्लिफ बायबलात, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, मार्कच्या नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं शुभ्र झाल्याचं वर्णन आहे. तिथे या भाषांतराच्या पहिल्या आवृत्तीत ‘फुलर किंवा कापडाचा वॉकर’ अशी जोडी घातलेली सापडते. एकच शब्द सगळीकडे कळणार नाही याची अनुवादकांना जाणीव असावी. मराठी बायबलात त्याच ठिकाणी परीट आहे. अर्थ पोचतो, पण फुलर हा काही मळके कपडे धुणारा नव्हे. तो नवं कापड तयार करणाऱ्यांच्या साखळीतला कारागीर होता.

ही साखळी अशी. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत असतं, ताणा-बाणा वेगळा दिसतो. सूत कातताना लावलेलं लोणी, चरबी किंवा तेल त्यात मुरलेलं असतं आणि ताण्याला दिलेली खळही असते. आधी गाठी, काड्या, काटे चिमट्याने वेचून काढायचे. मग धुणं. धुण्याला शिळं मूत्र लागे. ते काही दिवस मुरलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनियाचा चरबीशी संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो. ताज्या मूत्राने हे काम होत नाही. त्यामुळे घरोघरून ते गोळा करून पिंपात साठवणं हा धंद्याचाच भाग होता. उरलेला तेलकटपणा शोषायला माती. इंग्लंडमध्ये ती सरे परगण्यात रेडहिल-नटफील्डला, बाथच्या आसपास आणि बेडफर्डशरमध्ये वोबर्नजवळ निघे. ही माती म्हणजे आपली मुलतानी मातीच. दोन्हींना इंग्रजीत नावही एकच, ‘फुलरची माती’. परदेशी विणकरांना ती मिळू नये म्हणून सतराव्या शतकात इंग्लंडने तिच्या निर्यातीवर बंदी घातली होती, यावरून तिची किंमत कळते.

धुतल्यावर खरं काम सुरू होई. कोमट, ओलं कापड डोणीत टाकून दोघे-तिघे माणसं ते तासन् तास तुडवत. लोकरीच्या तंतूवर एकाच दिशेने कललेले सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि दाब एकत्र मिळाले की तंतू एका दिशेने सरकतो, पण मागे येऊ शकत नाही, आणि एकमेकांत अडकत कापड घट्ट होत जातं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर आक्रसतो तो याच कारणाने. सुती किंवा तागाच्या कापडाला असे खवले नसल्याने ते कितीही तुडवलं तरी दाटत नाही. म्हणून हा धंदा फक्त लोकरीचा. लांबी आणि रुंदी दोन्ही एक चतुर्थांश ते एक तृतीयांश घटत, म्हणजे ब्रॉडक्लॉथ या जाड, रुंद लोकरी कापडाचं क्षेत्रफळ निम्म्याच्या आसपास येई. 1215 च्या मॅग्ना कार्टात रंगीत कापडाची रुंदी कडांच्या आत दोन एल (कापड मोजायचं जुनं इंग्रजी माप) असावी असं कलम आहे. ती तयार कापडाची रुंदी होती. विणकराला माग त्याहून कितीतरी रुंद लावावा लागे.

बिघडण्याच्या जागाही बऱ्याच. चरबी पूर्ण निघाली नाही तर पुढे रंग डागाडागाने चढतो. कापड मधूनमधून बाहेर काढून, झटकून, घड्या मोडून परत टाकलं नाही तर चुण्या कायमच्या बसतात, त्या कशानेही निघत नाहीत. एका बाजूला जास्त मार बसला तर तिथे कापड दाट आणि अरुंद, दुसरीकडे सैल. फार वेळ ठेवलं तर पुठ्ठ्यासारखं कडक होऊन हातचं जातं, कारण दाटलेली लोकर पुन्हा सैल करता येत नाही. तुडवून झालं की ते उघड्यावरच्या लांब लाकडी चौकटींवर, वरखाली वाकड्या आकड्यांना अडकवून, ताणून वाळवायचं. लबाडी इथे शिरे. आक्रसलेलं कापड वाजवीपेक्षा जास्त ताणलं की मापात भरतं, आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिल्या पावसात लहान होतं. अशा ताणण्याविरुद्ध इंग्लंडमध्ये पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले, म्हणजे ते फारसे पाळले जात नसावेत. शेवटी टीझल नावाच्या वनस्पतीच्या काटेरी बोंडांनी लव उभी करायची आणि मोठ्या कात्रीने ती एकसारखी छाटायची. छाटणाऱ्यावरून शीअरमन आणि शर्मन ही आडनावं आली.

पायांची जागा पाणचक्कीने घेतली ती आडनावं रुळू लागण्याच्या आधीच. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या मालमत्तेच्या 1185 च्या मोजणीत यॉर्कशरमधल्या टेम्पल न्यूसमला आणि ग्लॉस्टरशरमध्ये बार्टनला अशा चक्क्या नोंदलेल्या आहेत. पाणचाकाच्या दांड्यावरच्या खुंट्या जड लाकडी घण उचलत आणि ते डोणीतल्या कापडावर तिरके आदळत. तिरके आदळण्याला कारण होतं: प्रत्येक माराने कापडाचा गठ्ठा आपोआप फिरे आणि एकाच जागी ठोके बसत नसत. चक्की जमीनदाराची, तिचा कर त्याच्या खिशात. त्यामुळे घरी पायांनी कापड तुडवणाऱ्या कुळांशी तंटे झाले. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीने आपल्याच चक्कीची सक्ती केली तेव्हा 1274 च्या सुमारास गावकरी त्याच्याविरुद्ध उभे राहिले. तरी पाय एका दिवसात थांबले नाहीत. चौदाव्या शतकातही दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू होत्या. आडनाव मात्र पायाच्या कामाचंच राहिलं, चक्कीवर राबणाऱ्यालाही वॉकरच म्हणत.

इंग्लंडमध्ये सामान्य कुटुंबांची आडनावं दक्षिणेत साधारण 1350 पर्यंत आणि उत्तरेत त्यानंतर शंभरेक वर्षांनी वंशपरंपरागत झाली. त्याआधी ‘जॉन द वॉकर’ हे केवळ वर्णन असे. त्याचा मुलगा सुतार झाला तर सुतार म्हणून नोंदला जाई. 1379 च्या डोईपट्टीच्या याद्यांमध्ये नावापुढे धंदाही लिहिलेला दिसतो. वॉकर आडनावाचा माणूस वेगळंच काम करताना सापडला, तर नाव धंद्यापासून सुटल्याची ती चांगली खूण.

आता नकाशा. उत्तर इंग्लंड आणि मिडलंड्सचा बराच भाग वॉकरचा: यॉर्कशर, लँकशर, डरहॅम, नॉटिंगहॅमशर. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट आणि कॉर्नवॉलमध्ये टकर. आग्नेयेला आणि पूर्वेला ससेक्स, केंट, एसेक्स, सफोक, नॉरफोकमध्ये फुलर. 1881 च्या जनगणनेत ही विभागणी स्वच्छ दिसते आणि रेल्वे, मोटारी, शहरं झाल्यावरही ती पुसलेली नाही. गावांची नावंही तीच साक्ष देतात. कॉर्नवॉलमध्ये कँबोर्नला लागून टकिंगमिल आहे, बाथजवळही त्याच नावाची वस्ती आहे, उत्तरेत वॉकमिल भेटतात. एक्सिटरमधल्या विणकर, फुलर आणि शीअरमन यांच्या संघाची 1471 ची इमारत आजही टकर्स हॉल म्हणूनच ओळखली जाते.

यातून पुष्कळ जण चुकीचा निष्कर्ष काढतात: वॉकर सर्वांत जास्त, म्हणून कापडधंदा उत्तरेत सर्वांत मोठा. आडनावं पक्की होत होती त्या काळात नैर्ऋत्य इंग्लंड आणि सफोक कापडासाठी नावाजलेले होते, यॉर्कशरच्या पश्चिम भागाचा, म्हणजे वेस्ट रायडिंगचा, बहर नंतरचा. हा नकाशा धंद्याच्या आकाराचा नाही, बोलींचा आहे. कुठल्या भागातला कारकून आणि शेजारी तुडवणाऱ्याला कुठला शब्द वापरत, एवढंच तो सांगतो. कापडधंद्यातली इतर आडनावंही अशीच वाटली गेली आहेत. विणकर उत्तरेत वेबस्टर तर दक्षिणेत वेब. रंगारी यॉर्कशरमध्ये लिस्टर तर नैर्ऋत्येत डायर. वॉकरांची संख्या फुगली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, उत्तरेची लोकसंख्या कारखान्यांमुळे झपाट्याने वाढली तेव्हा. 1853 च्या सुमारास इंग्लंड-वेल्सच्या निबंधक कार्यालयाने केलेल्या अंदाजात वॉकर अठराव्या क्रमांकावर, सुमारे 59,300 माणसांचं आडनाव होतं. पहिल्या पन्नासांत फुलर नाही, टकरही नाही.

वेल्समध्ये अशा चक्क्या भरपूर होत्या. टोनिपँडी या खाणगावाच्या नावातला ‘पँडी’ म्हणजे हीच चक्की. पण वेल्श लोक बापाचं नाव लावत, त्यामुळे धंद्याचा शब्द आडनाव म्हणून तिथे फारसा टिकला नाही. दक्षिण वेल्समधले बरेच टकर हे ब्रिस्टल खाडी ओलांडून आलेल्या डेव्हन-सॉमरसेटच्या लोकांचे वंशज. स्कॉटलंडमध्ये वॉकर दोन वाटांनी आलं. सखल भागात थेट धंद्यावरून, आणि गेलिक बोलणाऱ्या भागात ‘मॅक अन उखकदर’ म्हणजे तुडवणाऱ्याचा मुलगा, याचं इंग्रजी रूप म्हणून. हेब्रिडीज बेटांवर बायका टेबलाभोवती बसून, गाणी म्हणत, ओलं ट्वीड आपटून दाटवायच्या. ती पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालू होती.

समुद्रापार हा नकाशा गावागावाच्या धाग्यांनी गेला. 1620 च्या मेफ्लॉवर जहाजावर एडवर्ड आणि सॅम्युअल फुलर हे भाऊ होते. दोघे नॉरफोकमधल्या रेडनहॉलचे, म्हणजे ऐन फुलर-प्रदेशातले. अमेरिकेत 2010 च्या जनगणनेत वॉकर एकतिसावं होतं, सव्वापाच लाखांच्या आसपास माणसांचं, आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पूर्वजांचा यॉर्कशरच्या हौदाशी काही संबंध नव्हता. गुलामगिरीच्या काळात किंवा 1865 नंतर मुक्त झाल्यावर, कधी मालकाचं तर कधी आपल्या पसंतीचं म्हणून, हे आडनाव त्यांच्याकडे आलं. आपल्याकडे ही नावं कंपनी आणि राणीच्या नोकरीत आली. काठेवाडच्या संस्थानांची खंडणी ठरवणारा 1807 चा तह ज्याच्या नावाने ओळखला जातो तो बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर स्कॉटिश होता, आणि 1871 ते 1878 या काळात बांधलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीचा आराखडा कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांचा.

वंशावळ शोधणाऱ्याची गाडी अडते ती बहुतेक लॅटिनमध्ये. मध्ययुगीन कारकून धंद्याचं नाव लॅटिनमध्ये करून लिहीत, त्यामुळे वॉकर, टकर, फुलर तिघेही कागदावर ‘फुल्लो’ होतात. ‘योहान्नेस फुल्लो’ अशी नोंद डेव्हनमध्ये सापडली म्हणून घरी त्याला फुलर म्हणत असं धरून चालू नये. बहुधा तो टकर असतो. दुसरा खड्डा नकाशांचा. माणसांची नुसती संख्या दाखवणाऱ्या नकाशावर कुठलंही आडनाव लंडनमध्येच गर्दी करतं, म्हणून दर लाख लोकसंख्येमागचं प्रमाण पाहायचं. तेही आजचं नव्हे, 1881 चं, आणि शक्य असेल तर 1538 पासून सुरू झालेल्या चर्चच्या नोंदवह्यांशी ताडून. तिसरा खड्डा सारख्या दिसणाऱ्या नावांचा. आयर्लंडमधले काही टकर मूळचे ‘ओ तुआखर’, म्हणजे एका पूर्वजाच्या नावावरून आलेले. न्यूकॅसलच्या वॉकर या उपनगराचं नाव रोमन तटबंदीजवळच्या दलदलीवरून पडलं आहे, तिथून निघालेल्या एखाद्या घराण्याचं आडनाव धंद्याचं नसून गावाचं असू शकतं. जर्मनीतही वॉकरसारखंच दिसणारं ‘वाल्कर’ आहे, अर्थही तोच, पण ते तिथेच स्वतंत्रपणे घडलेलं. शेकडो गावांत शेकडो माणसं हे काम करत होती, त्यामुळे दोन वॉकर भेटले म्हणून त्यांचा पूर्वज एक असण्याची शक्यता फारच थोडी.